लाल शाईच्या चार नोंदी

२०२३ च्या सप्टेंबरात संरक्षण मंत्रालयानं सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनचे नियम बदलले आणि तेव्हापासून एक वाद अधूनमधून पेटतो. एक पक्ष म्हणतो, रक्तदाब आणि मधुमेहाच्या नावावर करमुक्त पेन्शन घेणारे फार झालेत, त्यांना आवर घालायलाच हवा. दुसरा म्हणतो, सीमेवर उभा राहिलेल्याच्या ताटातला घास काढू नका. टीव्हीवर दोघं तासभर भांडतात आणि टक्के किती, कर किती यापलीकडे जात नाहीत. ज्याला पेन्शनच मिळाली नाही, कारण त्याचा आजार कागदावर आजार म्हणून कधी आलाच नाही, त्या शिपायाचं नाव या भांडणात कुणीच काढत नाही. माझं म्हणणं त्याच्याबद्दल आहे. मनाच्या आजारानं वागणं बिघडलं आणि त्या वागण्यापायी पलटणीनं घरी पाठवलं, अशा माणसाच्या डिस्चार्जचा शेरा पुन्हा उघडता आला पाहिजे, चुकला असेल तर बदलता आला पाहिजे, आणि त्यासाठी त्याला वकील शोधत फिरावं लागू नये. याला दया म्हणायचं कारण नाही. सातबाऱ्यावर चुकीचं नाव लागलं तर ते दुरुस्त करायला मागतो, तसंच हे. (सातबारा दुरुस्त करून घेणं सोपं नसतं, हे मान्य. पण तो दुरुस्त होतो, एवढं तरी गावात शेंबड्या पोराला माहीत असतं.)

असं एक डिस्चार्ज बुक मी हातात धरलेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेजारच्या काकूंनी ते रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीतून आणलं होतं. "इंग्रजी हाय, जरा वाचून सांगा." आत मुलाच्या कंडक्ट शीटची, म्हणजे वागणुकीच्या नोंदींच्या कागदाची, झेरॉक्सही होती. भरतीच्या वेळी शेप-वन, म्हणजे मन, कान, हात-पाय, शरीर, डोळे सगळं ठणठणीत. पुढची अकरा वर्षं पान कोरं. मग चौदा महिन्यांत लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, चार नोंदी: दोनदा सुट्टीवरून उशिरा हजर, एकदा ड्युटीवर दारू, एकदा वरिष्ठाशी हुज्जत. आणि शेवटी कारण, 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड'. मी ते मराठीत सांगितलं, "आता गरज नाही म्हणून सोडलं." काकू म्हणाल्या, "म्होरली गाडी उडली व्हती. ह्यो मागच्या गाडीत व्हता. तवापासनं झोपत न्हाई." गाडी उडाल्याची तारीख आणि लाल शाईची पहिली नोंद यांत जेमतेम तीन महिन्यांचं अंतर होतं. कंडक्ट शीटवर गुन्ह्याचा रकाना आहे, तारखेचा आहे, शिक्षेचा आहे. अकरा वर्षं ज्याला शिस्त कळत होती त्याला ती अचानक कळेनाशी का झाली, याचा रकाना नाही.

पंधरा वर्षं भरली नाहीत म्हणून त्याला पेन्शन नाही, हातात थोडी ग्रॅच्युइटी. तोच 'बोर्ड आऊट' झाला असता, म्हणजे मेडिकल बोर्डानं आजारी ठरवून आणि आजाराचा सेवेशी संबंध मान्य करून घरी पाठवला असता, तर पंधरा वर्षांची अट आडवी आली नसती. तोच माणूस, तीच झोप उडालेली, तीच दारू. एका टेबलावरून कागद गेला तर रुग्ण, दुसऱ्या टेबलावरून गेला तर बेशिस्त. कोणत्या टेबलावर जायचं हे बहुतेक वेळा त्याचा कंपनी कमांडर पहिल्या उशिराच्या दिवशी काय समजला, यावर ठरतं.

या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजलेला एक देश अमेरिका आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्याकडे कुणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. तिथं सैनिक बाहेर पडताना त्याच्या हातात 'डीडी २१४' नावाचा कागद पडतो आणि त्यावर सेवेचा दर्जा लिहिलेला असतो: सन्माननीय, त्याखालोखाल सर्वसाधारण, मग 'सन्माननीय नसलेला', आणि कोर्ट मार्शलमधून येणारे दोन त्याहून वाईट. शिक्षणाच्या सवलतीला पहिलाच दर्जा लागतो. तिसरा पडला की उपचार, घरकर्ज, नोकरी सगळ्यांची दारं किलकिली होतात किंवा बंद. दुसऱ्या महायुद्धात तिथं निळ्या कागदावर एक डिस्चार्ज देत, ना सन्मानाचा ना अपमानाचा. असे सुमारे ४८ हजार कागद वाटले गेले, त्यांतले २२ टक्के कृष्णवर्णीयांना, आणि लष्करात कृष्णवर्णीय होते साडेसहा टक्के. म्हणजे शेरा हा माणसाच्या वागण्याइतकाच लिहिणाऱ्याच्या नजरेचा असतो, हे तेव्हाच उघड झालं होतं. त्याच काळात, १९४४ च्या कायद्यानं डिस्चार्ज तपासणारी मंडळं बसवली आणि १९४६ मध्ये नोंदी दुरुस्त करणारी वरची मंडळं. युद्ध चालू असतानाच त्या देशानं कबूल केलं की आपण लिहिलेला कागद चुकू शकतो. आपण हे अजून कबूल केलेलं नाही.

मंडळं होती म्हणून न्याय झाला असं मात्र नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अडीच लाखांच्या आसपास सैनिक वाईट कागद घेऊन बाहेर पडले. आघातानंतरच्या ताणाचा आजार, ज्याला आता सगळे पीटीएसडी म्हणतात, तो अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला १९८० साली. १९७० मध्ये पळालेल्या पोराला ज्या आजाराला नावच नव्हतं तो आजार कसा झालेला असणार? मंडळांनी पुढची तीस-पस्तीस वर्षं अक्षरशः हाच युक्तिवाद केला: त्या वेळच्या कागदात निदान नाही, म्हणून आजार नाही. शेवटी व्हिएतनामच्या माजी सैनिकांनी लष्कराला कोर्टात खेचलं, आणि ३ सप्टेंबर २०१४ रोजी संरक्षणमंत्री चक हेगल यांनी मंडळांना आदेश दिला की अशा अर्जांकडे उदार दृष्टीनं पाहा. हेगल स्वतः व्हिएतनाममध्ये सार्जंट होते, दोनदा जखमी झालेले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यावर आणखी सविस्तर सूचना आल्या. त्यांत मंडळापुढे चार प्रश्न ठेवले आहेत: आजार किंवा आघात होता का, तो सेवेच्या काळातला होता का, त्यामुळे ते वागणं माफ किंवा सौम्य ठरतं का, आणि ठरत असेल तर काढण्याच्या कारणापेक्षा त्याचं पारडं जड होतं का. त्याच सूचनांमधलं एक तत्त्व मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ज्या गैरवर्तनासाठी काढलं ते गैरवर्तनच आजाराचा पुरावा असू शकतं. आमच्या गावच्या त्या झेरॉक्सकडे या नजरेनं पाहा. अकरा कोऱ्या वर्षांनंतरच्या चार लाल नोंदी हा आरोप आहे की लक्षण?

आता विरुद्ध बाजू. तिचे मुद्दे मला पोकळ वाटत नाहीत.

पहिला मुद्दा जे टिकून राहिले त्यांचा. त्याच ताफ्यात, त्याच मागच्या गाडीत आणखी आठ-दहा जण होते. त्यांचीही झोप उडाली असेल, ते वेळेवर हजर झाले. घसरलेल्याचा शेरा पुसला तर सावरलेल्याच्या शेऱ्याला काय किंमत राहिली? हा प्रश्न मला कुणा निवृत्त सुभेदारानं विचारला तर मी पटकन उत्तर देणार नाही. पण थोडं थांबून विचारेन, एकाच गोळीबारात एकाचा पाय गेला आणि दुसऱ्याला खरचटलंही नाही, तर पाय गेलेल्याला आपण कमी शूर म्हणतो का? १९४३ च्या ऑगस्टमध्ये सिसिलीत अमेरिकेच्या जनरल पॅटननं इस्पितळातल्या दोन सैनिकांना भित्रे म्हणून थोबाडीत मारल्या. त्यांतल्या एकाला तपासलं तर अंगात हिवतापाचे जंतू निघाले. हिवताप दिसला की कुणीही ओशाळेल. मनाच्या आजाराला सूक्ष्मदर्शक लागू होत नाही, तर त्या दुसऱ्याची थोबाडीत योग्य ठरते काय?

दुसरा मुद्दा लबाडीचा. दारूडा, कामचुकार, हात उचलणारा उद्या येऊन म्हणेल, माझंही मन आजारी होतं. म्हणेलच. अपंगत्व पेन्शनमध्ये ते झालेलं आहे; अधिकाऱ्यांमध्ये तिचं प्रमाण जवानांपेक्षा बरंच जास्त असल्याचं कॅगनंही दाखवलं आहे, आणि त्यावर 'सैनिकांचा अपमान' म्हणून ओरडणं हा काही युक्तिवाद नव्हे. पण पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हा पुण्यानं काय केलं? चौकशी बसवली, खोटा ठरला, १७७६ साली त्याला देहदंड झाला. तोतया निघाला म्हणून पानिपतावरून भेलकांडत परतलेल्या प्रत्येकाला कुणी वेशीवरून हाकललं नाही. तोतयाची भीती हा चौकशी नीट करण्याचा आधार आहे, ती न करण्याचा नव्हे. अमेरिकी सूचनांमध्येही ठरवून, योजून केलेल्या गुन्ह्याला आजाराची ढाल सहसा मिळणार नाही असं लिहिलेलंच आहे. सुट्टीवरून सहा दिवस उशिरा येणं आणि कॅन्टीनचा गल्ला पळवणं यांतला फरक मंडळावरच्या माणसांना कळू शकतो, एवढा विश्वास ठेवायला हरकत नसावी.

तिसरा मुद्दा सर्वांत भक्कम, आणि तो आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं मांडला आहे. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात न्यायालयानं म्हटलं होतं की भरतीच्या वेळी कागदावर दोष नोंदलेला नसेल, तर माणूस धडधाकट आला असं धरायचं आणि नंतरचा आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. पण २०१९ मध्ये नरसिंग यादव खटल्यात, स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत, न्यायालय वेगळं बोललं: मनाचा आजार भरतीच्या तपासणीत सापडेलच असं नाही, कारण रोगी मधल्या काळात अगदी चांगला असतो, म्हणून तपासणीत पास झाला याचा अर्थ आजार फौजेत लागला असा होत नाही. वैद्यकदृष्ट्या यात तथ्य आहे. स्किझोफ्रेनिया वीस-बावीसच्या वयात डोकं वर काढतो आणि भरतीचं वयही तेच. तो कुठंही गेला असता तरी झाला असता, असं बऱ्याच जणांबाबत खरं असेल.

पण हाच युक्तिवाद सैल सोडला की काय होतं, ते अमेरिकेनं पाहिलेलं आहे. इराक-अफगाणिस्तानच्या काळात तिथल्या डॉक्टरांच्या हातात एक सोयीचं निदान होतं, 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर', म्हणजे स्वभावातच असलेला, लहानपणापासूनचा विकार. लहानपणापासूनचा म्हटलं की लष्कराची जबाबदारी संपली. २००१ च्या नोव्हेंबरपासून २००७ च्या जूनपर्यंत युद्धावर एकदा तरी जाऊन आलेल्या सुमारे २,८०० सैनिकांना या नावाखाली घरी पाठवलं गेलं. एवढ्या जणांचा जन्मजात स्वभाव भरतीत कुणाला दिसला नाही, प्रशिक्षणात दिसला नाही, तो दिसला लढाईवरून परतल्यावर. संसदेत आरडाओरडा झाला, वरच्या डॉक्टरांची सही सक्तीची झाली, तसं या निदानाचं प्रमाण घसरलं. आणि 'जुळवून घेण्याचा विकार' हे दुसरं निदान वाढलं! आपल्याकडे याच कामाला येणारी चार इंग्रजी अक्षरं आहेत: आजार सेवेमुळे झाला नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही. बोर्डाच्या भाषेत त्याचा उच्चार होतो 'नाना'. मराठी घरात नाना म्हणजे वडीलधारा, सांभाळून घेणारा. इथला नाना एका ओळीत हात झटकतो, आणि बऱ्याचदा कारणही देत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं यावरच बोट ठेवलं. नव्वदच्या दशकात स्किझोफ्रेनियाच्या शेऱ्यावर घरी पाठवलेल्या एका सैनिकाला अपंगत्व पेन्शन देताना न्यायालय म्हणालं की बोर्डानं कारणं दिलेली नाहीत, आणि कारणाविना मत ग्राह्य धरता येत नाही. त्या माणसाला या एका वाक्यासाठी पाव शतकाहून जास्त काळ लागला.

मला वाटतं, वाद 'आजार कुठून आला' या विहिरीत पडला की वर येत नाही. बीज घरचं होतं की काश्मीरचं, हे कधी कधी कुणालाच सांगता येणार नाही. वागणं आजारामुळे बिघडलं का, हा प्रश्न त्यापेक्षा सोपा आहे आणि त्याचं उत्तर कागदांतून मिळू शकतं. आपल्या कायद्यात त्याला पाया सापडतो. २०२१ च्या डिसेंबरात रवींदर कुमार धारिवाल खटल्यात, सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याबाबत, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मनोविकार असलेल्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हाच भेदभाव ठरू शकतो. गैरवर्तनाचं एकमेव कारण आजार असायला हवं असं नाही, अनेक कारणांपैकी एक असलं तरी पुरे. सीआरपीएफच्या अधिकाऱ्याला जे लागू ते लष्कराच्या शिपायाला आपोआप लागू होत नाही, हे मला कळतं. लढाऊ दलांना अपंगत्वाच्या कायद्यातून सूट आहे. पण नोकरीवर ठेवा असं इथं कोण म्हणतंय? प्रश्न नोकरी गेल्यानंतरच्या एका ओळीचा आहे. लाल शाईच्या नोंदींबद्दलही न्यायालय २०१५ मध्येच बोललेलं आहे, वीरेंद्र कुमार दुबे खटल्यात: चार नोंदी झाल्या म्हणून माणूस आपोआप बाहेर, असं चालणार नाही, आधी चौकशी हवी, आणि त्याची सेवा किती, कुठं, किती खडतर जागी झाली हे पाहायला हवं. तत्त्वं सगळी जागेवर आहेत. नाही ते त्यांना हातपाय देणारं कार्यालय. आज अशा माणसापुढे खरा मार्ग सैन्यदल न्यायाधिकरणाचा. वकील, तारखा, मुंबईच्या खेपा, आणि तिथं जिंकलं तरी सरकार वरच्या कोर्टात जाणार नाही याची हमी नाही. झोप न येणाऱ्या माणसाला आपण सांगतो, लढ.

अमेरिकेचं मंडळ हे काही रामराज्य नाही. उदार दृष्टीचा आदेश निघाल्यावरही मंडळं साचेबंद नकार देत राहिली, आणि २०२१ मध्ये लष्कराला जुने नकार पुन्हा तपासायचं कोर्टात कबूल करावं लागलं. त्यांच्याच लेखापरीक्षकांनी काढलेला आकडा असा: २०११ ते २०१५ मध्ये गैरवर्तनासाठी काढलेल्या ९१,७६४ जणांपैकी ६२ टक्क्यांना आधीच्या दोन वर्षांत कसला तरी मानसिक विकार किंवा मेंदूला मार यांचं निदान झालेलं होतं. यात दारूशी संबंधित विकारही मोजलेत, आघातजन्य ताण किंवा मेंदूची इजा अशी थेट नोंद १६ टक्क्यांचीच, म्हणून मी ६२ चा ढोल वाजवणार नाही. पण हा आकडा तिथं निघू शकतो. आपल्याकडे शिस्तीच्या कारणावरून घरी आलेल्यांपैकी किती जण त्याआधी लष्करी इस्पितळाच्या मनोविकार विभागात जाऊन आले होते, हे दोन फायली शेजारी ठेवून सांगता येईल. ठेवा ना शेजारी.

शेवटचा आक्षेप इतिहासाचा. आजच्या ज्ञानानं कालचे निर्णय तपासू नयेत, असं १९९३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर म्हणाले होते. विषय होता पहिल्या महायुद्धात पळपुटेपणाबद्दल आपल्याच सैन्यानं गोळ्या घातलेल्या शिपायांचा. हॅरी फार हा त्यांतला एक. तोफांच्या धक्क्यानं पाच महिने इस्पितळात होता, परत मोर्चावर पाठवला, पुढे जाईना, आणि १९१६ च्या ऑक्टोबरात त्याला भल्या पहाटे उभा करून मारला. विधवेची पेन्शनही बंद केली. नव्वद वर्षांनी, २००६ च्या कायद्यानं ३०६ जणांना माफी मिळाली. आणि त्याच कलमात लिहून ठेवलं की यामुळे मूळ दोष आणि शिक्षा यांना बाधा येत नाही. अशी माफी मला नको वाटते. मेलेल्याला ती पुरते, जिवंत माणसाला नोंदच बदलून लागते. शिवाय मेजर यांचा मुद्दा आपल्याला लागूच पडत नाही. १९१६ मध्ये डॉक्टरांना नीट कळत नव्हतं, १९७० मध्ये नाव नव्हतं. आज नाव आहे, लष्कराकडे मनोविकारतज्ज्ञ आहेत, शेपमधलं पहिलं अक्षरच मनाचं आहे. आजच्या चुकीला उद्या 'तेव्हा माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

आणि जवानाच्या नावानं छाती ठोकणाऱ्यांना एक विचारायचंय. 'आमचा जवान कशालाच डगमगत नाही' हे वाक्य तुम्ही १५ ऑगस्टला फॉरवर्ड करता, तेव्हा डगमगलेल्यानं कुठं जायचं? आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, नावापुढे मिलिटरी लागलेलं. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, त्यांची शिळा आहे. परत येऊन रात्री ओरडत उठणारे किती होते, ते कुठल्याच शिळेवर नाही.

काकूंचा मुलगा आता साखर कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला असतो. झोप नाहीच, मग पगार तरी मिळतो, असं तो हसून म्हणतो. माजी सैनिकाला तिथं हजार-दीड हजार जास्त मिळतात. त्यानं फौजेत होतो हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर बुक मागतील.